दादाचं रडणं

वार्ताहराची हयात एका नियमात गेली होती: ज्याच्यावर आरोप, त्याला विचारल्याशिवाय छापायचं नाही. निवृत्त झाल्यावर त्यानं कादंबरी लिहिली आणि सवयीनं ती आधी आरोपीच्या, म्हणजे दंतवैद्य असलेल्या थोरल्या भावाच्या हातात नेऊन दिली.

"अहो, कादंबरी आहे ती, बातमी नाही," बायकोनं समजावून पाहिलं. "दंतवैद्याचा घड्याळजी केलाय ना? मग हे विकतचं दुखणं कशाला?"

पण नियम म्हणजे नियम. शिवाय आपण दादाशी फार उदारपणे वागलोय, अशी त्याची खात्री होती. कादंबरीतला भाऊ आजारी बापाकडे फिरकत नाही, बाप जाताच त्याचं कपाट उचलून नेतो. पण बाप गेला त्या रात्री इस्पितळाच्या जिन्यात बसून ढसाढसा रडतो. हे रडणं तेवढं वार्ताहरानं पदरचं घातलं होतं. प्रकाशक नेमका त्यावरच भाळला होता. "बाकी काय, घरोघरी मातीच्या चुली," तो म्हणाला होता. "रडणं आहे म्हणून पुस्तक काढतोय. ते गेलं, तर मीही गेलो."

आठवड्यानं दादाचं बोलावणं आलं. दादानं त्याला दवाखान्यात पेशंटच्याच खुर्चीत बसवलं. डोक्यावरचा दिवा विझवायचं काही त्याला सुचलं नाही.

"फिरकलो नाही, बरोबर आहे. कपाट नेलं, तेही बरोबर. फक्त ते चांगलं भक्कम होतं, तू मोडकं लिहिलंयस. पण हे रडणं? चारचौघांत माझी शोभा करतोस?"

"अरे दादा, त्यामुळेच तर तू जरा माणसात येतोस!"

"मी माणसातच आहे. रडलो नव्हतो. काढून टाक."

आरोप नाकारणारे वार्ताहरानं पोत्यानं पाहिले होते. सद्गुण नाकारणारा हा पहिलाच. पण निराधार मजकूर तो निराधारच.

"मग जिन्यात तू करत काय होतास?" त्यानं शेवटची आशा धरून विचारलं.

"तुला बघत होतो. तू रडत होतास. छान रडत होतास. मग मध्येच थांबलास, कागद काढलास, काहीतरी टिपलंस, कागद घडी करून ठेवलास आणि पुन्हा रडायला लागलास."

रडणं शाबूत होतं. रडणारा तेवढा बदलायचा होता.

"दादा," वार्ताहर खिसे चाचपत म्हणाला, "जरा सावकाश सांग."