तीन कोटेशनं आणि एक ग्लोव्ह

मी खरेदी विभागात बावीस वर्षं काढली आहेत. आमच्या कार्यालयात टाचण्यांची डबीसुद्धा तीन कोटेशनं मागवल्याशिवाय येत नाही, आणि ती मागवणारा मीच. दुकानदार समोर दिसला की माझा एक डोळा आपोआप बारीक होतो. त्यामुळे लेकीला सॉफ्टबॉलचा ग्लोव्ह घ्यायचा म्हटल्यावर घरात दुसऱ्या कोणी त्यात तोंड घालायचं कारणच नव्हतं.

लेक बारा वर्षांची. एका जागी बसेल तर शपथ, म्हणून आम्ही तिला भिंगरी म्हणतो. शाळेच्या पेटीतला एक फाटका, नाड्या लोंबणारा ग्लोव्ह घालून ती वर्षभर खेळत होती आणि एकही चेंडू सोडत नव्हती. मग खेळाच्या बाईंची चिठ्ठी आली. महिन्याभराने संघाची निवड आहे, प्रत्येकीने स्वतःचा ग्लोव्ह घ्यावा, आणि आत्ताच घ्यावा म्हणजे हाताला बसेल. चिठ्ठी वाचताना भिंगरीचे पाय जमिनीवर ठरत नव्हते.

"बाबा, संघात बाराच जणी घेणार आहेत. मला त्यात यायचंच आहे. वाढदिवसाला काही आणू नका, पण हे हवंच."

"आणू की. पण किती लावायचे, ते आधी ठरवू," मी म्हणालो.

"मधल्या किमतीचा आणा आणि उद्याच आणा," बायको म्हणाली. ती बुटांच्या दुकानात कामाला आहे, त्यामुळे चामड्याच्या बाबतीत तिचा जरा आगाऊपणा चालतो. "नवीन बूट पहिल्या दिवशी चावतोच. हे पण तसंच असणार."

मधला! ज्याला काही कळत नाही तो मधला घेतो. मी तीन दुकानांकडून कोटेशनं मागवली, तक्ता केला आणि फ्रिजवर लावला. शिवण, अस्तर, वजन, टिकाऊपणा, विक्रीनंतरची सेवा, असे बारा रकाने. भिंगरी रोज शाळेतून आली की आधी तक्ता बघायची. रकाने भरत होते, ग्लोव्ह येत नव्हता.

खरं सांगायचं तर सुरुवातीला माझ्या मनात हजाराचा आकडा होता. पण जेवणाच्या सुट्टीत आमच्या साहेबांनी मुलाच्या टेनिसच्या रॅकेटला आठ हजार घातल्याचं सहज सांगितलं. सहज म्हणजे मोठ्याने. मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, "तुमचं किती ठरलं?" मी हजार म्हणायला तोंड उघडलं आणि आतून पाच हजार बाहेर आले. हौसेला मोल नसतं, हे वाक्यही वर जोडलं. आता माघार घेणं शक्य नव्हतं. त्या दिवशी तक्त्यात 'दर्जा' नावाचा तेरावा रकाना आला आणि पाच हजारांच्या ग्लोव्हला त्यात पैकीच्या पैकी गुण मिळाले.

"नाकापेक्षा मोती जड होतोय," बायको म्हणाली. मी लक्ष दिलं नाही.

असे पंधरा दिवस गेले. शेवटी दुकानात जाऊन मी घासाघीस करून दोनशे कमी करून घेतले, तेव्हा मला फार बरं वाटलं. दुकानदार ग्लोव्ह बांधून देताना म्हणाला, "साहेब, हे जाड चामडं आहे. रोज वापरू द्या, चेंडू बसू द्या. पंधरा दिवसांत मऊ होईल. तसाच ठेवलात तर लाकूड."

माझा डोळा बारीक झाला. माल लवकर झिजावा, गिऱ्हाईक लवकर परत यावं! बावीस वर्षांत अशा युक्त्या मी पुष्कळ पाहिल्या आहेत. मी हसून मान हलवली, घरी आलो आणि ग्लोव्ह कपाटात वरच्या फळीवर ठेवला.

"रोजच्याला शाळेचा जुना घे. हा निवडीच्या दिवशी," मी भिंगरीला सांगितलं.

"पण बाई म्हणतात..."

"बाईंनी पाच हजार दिलेत का?"

त्यानंतर तिने रोज एकदाच विचारलं, "बाबा, आज नेऊ?" आणि मी रोज एकदाच नाही म्हणालो. बायको म्हणाली, "अहो, द्या ना तिला. फाटला तर मी शिवीन." मी तिला किमती वस्तू कशा जपतात यावर थोडं समजावलं. ती मध्येच उठून गेली.

निवडीच्या दिवशी मी रजा टाकून मैदानावर गेलो. पुढेच उभा राहिलो, आणि शेजारच्या दोन पालकांना न विचारता ग्लोव्हची किंमत सांगितली.

पहिला चेंडू बरोबर भिंगरीच्या हातात आला. ग्लोव्ह मिटलाच नाही. चेंडू थापीवर आपटावा तसा टणकन आपटून खाली पडला. दुसराही तसाच. ती दुसऱ्या हाताने ग्लोव्ह वाकवायला बघत होती, दातओठ खात होती. तिसरा चेंडू निसटून तिच्या खांद्याला लागला. एकही चेंडू न सोडणारी माझी पोर चेंडूमागे धावत सुटली होती.

बाई पेटीतला जुना ग्लोव्ह घेऊन तिच्याजवळ गेल्या. "हा घे. अजून तीन चेंडू देते."

भिंगरीने जुन्या ग्लोव्हकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मी तेव्हा ओरडायला हवं होतं, घे म्हणून. एवढंच करायचं होतं. पण शेजारचे दोन पालक माझ्याकडे बघत होते, आणि मी गप्प राहिलो.

"नको बाई," ती म्हणाली. "हा बाबांनी आणलाय."

पुढचे तिन्ही चेंडू पडले. बारा नावं वाचली गेली, त्यात तिचं नव्हतं.

घरी येताना ती माझ्या बाजूने चालत होती, एक उडी नाही की काही नाही. मला दुकानदाराला शिव्या द्यायच्या होत्या, बाईंना द्यायच्या होत्या, पण चूक त्यांची नव्हती. मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. गल्लीच्या तोंडाशी तिने माझं बोट धरलं.

"बाबा, तुम्ही वाईट वाटून घेऊ नका," ती म्हणाली. "पुढच्या वर्षी आपण स्वस्तातला घेऊ या. म्हणजे तुम्ही मला तो वापरू द्याल."