नखाएवढी जागा

“मिशी तरी राहू द्या हो, दादा!” किल्लीवाल्याची बायको काकुळतीला आली.

आर्टिस्टने डोळे चोळले. सकाळपासून कागदामागून कागद चालले होते. नवऱ्याच्या मागे दुकान आता तीच चालवणार होती, आणि दुकानाच्या लोगोत तिला नवऱ्याचा चेहरा हवा होता. हट्ट काही वावगा नव्हता. पण हा लोगो नुसता पाटीवर जायचा नव्हता. दुकानात बनणाऱ्या प्रत्येक किल्लीवर ठशाने उमटायचा होता, जेमतेम नखाएवढा. तेवढ्या जागेत अख्खा माणूस मावतो कुठे?

आर्टिस्टची एक जुनी खोड होती. चित्र झालं की ते तेवढंच बारीक छापायचं, भिंतीला चिकटवायचं आणि गिऱ्हाइकाला खोलीच्या दुसऱ्या टोकाला उभं करून विचारायचं, काय दिसतं?

पहिल्यांदा नुसता डाग दिसला. म्हणून सुरकुत्या गेल्या, मग चष्मा, मग कान. शेवटी उरली एकटी मिशी.

“आता काय दिसतं?”

ती बराच वेळ बघत राहिली. “झुरळ,” म्हणाली.

दोघंही पोट धरून हसले. हसता हसता तिचा चेहरा पडला. “दवाखान्यात पण असंच झालं हो. रोज थोडे थोडे कमी होत गेले. आणि आता मीच सांगतेय, हे काढा, ते काढा.”

असल्या वेळी काय बोलावं हे आर्टिस्टला उभ्या जन्मात जमलं नव्हतं. “पाटीवर मोठा चेहरा काढू या, वहिनी. किल्लीवर दुसरं काहीतरी करू.”

“दोन दोन खुणा? लोक गोंधळणार नाहीत?”

“गोंधळतील,” तो खरं तेच बोलला.

“मग नको. मला तिथं रोज बसायचंय.”

त्याने मिशी पुसली. एक गोल काढला, आत कुलपाचं भोक. छापून भिंतीवर लावलं.

“हे लांबून कळतं,” ती म्हणाली.

“कळतं. त्यांना पसंत पडलं असतं का हो?”

“छे! माझी मिशी कुठाय म्हणून आधी भांडले असते,” ती म्हणाली, आणि ठसा करायला टाका असं सांगून डोळे पुसत जिना उतरली.