एक वस्तू एकदाच

पेटी पळसमध्ये घेतली गेली, तर इंदुमती फडतऱ्यांना त्यांचा उजवा हात परत मिळणार होता. बाकीच्यांना काय मिळणार याचीही मी यादी करून पाहिली, पण ती फारशी भरली नाही. डॉक्टर मुजावरांना शांत झोप, वर्तकसरांना नियम पाळला गेल्याचं समाधान, मला चहा. म्हणजे खरी गरज एकट्या इंदूताईंचीच.

हात पेटीत ठेवायची आमच्याकडे पद्धत आहे. पळस ही संगणक चालवणारी मोफत प्रणाली. आम्ही हौशी माणसं ती फावल्या वेळात बांधतो आणि कुणीही फुकट न्यावी. तिच्यात नवा प्रोग्रॅम आणायचा तर तो पेटीत बांधून आणावा लागतो, आणि बांधणाऱ्यानं मध्येच अंग काढून घेऊ नये म्हणून मंजुरीपर्यंत त्याचा एक हात आत ठेवला जातो. एरवी आठवड्याचं काम. इंदूताईंचा हात अकरा महिने आत होता. त्या ज्युनियर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतात. डाव्या हातानं फळ्यावर लिहून लिहून त्यांची अक्षरं मागे रेलून बसायला लागली होती.

“असू द्या हो ताई, एका हातावाचून काय अडतं?” असं मी मागच्या बैठकीत म्हणालो होतो. इतिवृत्त मीच लिहितो, त्यामुळे तेही लिहून ठेवलं होतं.

ही बैठक मिरजेत होती, सर्जिकल सामानाच्या दुकानावरच्या हॉलमध्ये. संध्याकाळी पाचला नव्या पेट्यांसाठी पळसची दारं बंद होणार होती, ती पुन्हा दोन वर्षांनी उघडणार होती.

इंदूताईंनी बांधलेल्या पेटीत डॉक्टरांनी लिहिलेला, एक्स-रे पाहायचा प्रोग्रॅम होता. नाव कवडसा. वाद हाताचा नव्हता, कात्रीचा होता. फाईल कापून आतलं चित्र बाहेर काढायला कात्री लागते, आणि पळसचा पहिला नियम आहे, एक वस्तू एकदाच. दहा प्रोग्रॅमना कात्री लागत असेल तर ती भिंतीवरच्या खिळ्याला टांगायची, सगळ्यांनी तीच वापरायची. पेटीतून स्वतःची आणायची नाही. कवडशाच्या पेटीत स्वतःची कात्री होती, जुनी, पितळी मुठीची.

“भिंतीवर नवीकोरी आहे की,” वर्तकसर म्हणाले. ते वजनमापं खात्यातून निवृत्त झालेले, नियमांची वही त्यांच्याकडे असते. “ती का चालत नाही?”

“सर, या जुनीनं मी चार हजार एक्स-रे कापून तपासलेत. एका हाडाला धक्का नाही. नवी चांगली असेलही, पण मला माहीत नाही. आणि माहीत नसलेली कात्री मी पेशंटच्या फोटोला लावत नसतो.”

“आणि उद्या तुमच्या जुनीला गंज चढला तर? भिंतीवरची आम्ही रोज पुसतो. तुमच्या पेटीत कोण डोकावणार, डॉक्टर?”

दोघांचंही बरोबर होतं, त्यामुळे वाद मिटायची आशाच नव्हती.

“हरकत लिहा,” वर्तकसर मला म्हणाले.

मी लिहिली. जिन्यात चपला वाजल्या, हरकत वर आली आणि खुर्ची ओढून बसली. अंगात जाकीट, तोंडात सुपारी. “बिनसाखरेचा,” ती म्हणाली. तिला चहा दिला.

मग सरांनी दुसरी सांगितली, मग तिसरी. प्रत्येक हरकत वर येऊन बसत होती आणि बिनसाखरेचा मागत होती. साडेचारला सतरा झाल्या. खुर्च्या संपल्यावर त्या टेबलावर बसल्या, मग खिडकीत. त्यांचे गुडघे माझ्या पोटाला लागू लागले. मी मागे सरकत सरकत पार भिंतीला टेकलो आणि वही छातीशी धरून लिहीत राहिलो. शर्टाची उजवी बाही कशात तरी अडकली होती, पण वळून पाहायला जागा नव्हती.

“सर,” गर्दीतून इंदूताईंचा आवाज आला, “या सगळ्यांच्या जाकिटाचं दुसरं बटण तुटलंय.”

वर्तकसर उठले. एकेक जाकीट पाहत आडवे-तिडवे सगळीकडे फिरून आले. माणूस सरळ आहे, हे मी आधीपासून सांगत आलोय.

“एकच हरकत आहे ही,” ते पडलेल्या आवाजात म्हणाले. “सतरा वेळा आली.”

“मग नियम काय म्हणतो?” इंदूताईंनी विचारलं.

सरांना नियम म्हणून दाखवावा लागला नाही. हरकती आपणहून एकमेकींच्या मांडीवर बसत गेल्या आणि शेवटी एकच उरली, जरा जाडसर. चहा मात्र सतरा झाले होते.

हॉल मोकळा झाला. तेव्हा मला दिसलं की माझी बाही भिंतीवर नव्या कात्रीशेजारच्या दुसऱ्या, रिकाम्या खिळ्यात अडकली आहे.

“तोडगा आहे,” वर्तकसर वही चाळत म्हणाले. “जुनी कात्री पेटीतून काढून भिंतीवरच टांगू, नवीच्या शेजारी. ‘तपासलेली’ अशी चिठ्ठी लावू. नवी तपासून होईपर्यंत कवडसा जुनी वापरेल. मात्र तिला रोज पुसायला एक हात तिथेच, खिळ्यावर राहील.”

“मला मान्य,” डॉक्टर म्हणाले. “पण कुणाचा?”

“पेटीत आहेच एक,” सर म्हणाले.

इंदूताई डावा हात पेटीच्या झाकणावर ठेवून उभ्या राहिल्या. पाचला सात मिनिटं होती.

“डॉक्टरांचा चालणार नाही, पेशंट आहेत,” त्या अखेर म्हणाल्या. “सरांचा नको, वही कोण धरणार? माझा अकरा महिने राबलाय. सर, मागचं इतिवृत्त काढा ना. शेवटचं पान.”

सरांनी मोठ्यानं वाचलं, “एका हातावाचून काय अडतं.”

सगळे माझ्याकडे पाहू लागले. जाडी हरकतसुद्धा.

“अहो, मला लिहायला लागतो!” मी म्हणालो.

“खिळ्यावरून लिहील की तो,” इंदूताई मायेनं म्हणाल्या. “बाही तर आधीच अडकवलीय तुम्ही.”

दुखलं नाही. पाचला दोन मिनिटं असताना पेटी आत गेली, आणि इंदूताई उजव्या हाताची बोटं मोजत दोनदा हसल्या. त्या हातात अकरा महिन्यांपूर्वीचा खडू तसाच होता. माझ्या हातानं खिळ्यावरून कात्री पुसली, मग वही ओढून घेतली आणि माझ्याच वळणदार अक्षरात ताळा मांडला. इंदूताई, एक हात परत. डॉक्टर, एक पेटी आत. वर्तकसर, सतरा चहा, त्यांच्याकडून.

इथे थांबायला हरकत नव्हती. पण हात थांबला नाही. त्यानं आणखी एक ओळ लिहिली, आणि जिन्यात चपला वाजल्या.

हरकत वर आली. तिच्या अंगात माझा शर्ट होता, उजवी बाही रिकामी. खुर्ची ओढून ती माझ्यासमोर बसली आणि माझा चेहरा नीट निरखून पाहिला.

“एक वस्तू एकदाच, आणि यांच्याकडे डोळे दोन आहेत,” ती वर्तकसरांना म्हणाली.

सरांनी इतिवृत्ताची वही उघडली. ताळ्याच्या शेवटच्या ओळीत माझं नाव होतं, पुढे एक हात, त्यापुढे ‘आणि’, आणि त्यापुढची शाई अजून ओली होती.