ड्रेसिंगच्या ट्रॉलीवरची तपकिरी बाटली

मी जंतुनाशकाची बाटली बोलतेय. तपकिरी काच, घट्ट बूच. फार बोलायची मला सवय नाही. पण जे झालं ते पोटात ठेवून चालणार नाही.

भट्टीत जन्मले, दवाखान्यात आले. ड्रेसिंगच्या ट्रॉलीवरची कात्री उकळायची, चिमटा उकळायचा, कापूस वापरून फेकायचा. मला कोण उकळणार? जंतू मारणारी मी! माझा तोराच वेगळा.

मोठ्या सिस्टर कडक. थेंब वाया गेलेला त्यांना खपत नसे. मी निम्मी झाले की कॅनमधलं औषध नळाच्या पाण्यात मिसळून मला वरून भरायच्या. तळाचं उरलेलं कधी ओतलं नाही. मला कधी धुतलं नाही. मी कधी रिकामी झालेच नाही, आणि तो मला मान वाटायचा.

मग खिडकीजवळच्या खाटेवर एक शिंपी आला. उजव्या पायाचं ऑपरेशन झालेलं.

"सिस्टर, मशीन याच पायावर चालते हो. पाय गेला तर दुकान गेलं."

"गप पडा, मास्तर. मी आहे, ही बाटली आहे."

पण जखमेत पू झाला. थंडी वाजून ताप आला. डॉक्टर म्हणाले, दिवसातून दोनदा साफ करा. सिस्टर मला दोनदा उघडू लागल्या. ताप चढतच गेला. शेजारच्या दोन खाटांवरही तेच. पाय कापावा लागेल अशी कुजबुज सुरू झाली. शिंप्याच्या बायकोनं ती ऐकली आणि धावत जाऊन डॉक्टरांना गाठलं.

पू तपासला. तिघांतही एकच जंतू. डॉक्टरांनी सगळ्यांचे हात तपासले, चादरी तपासल्या. मग माझ्याकडे बोट केलं.

"ही तपासायला पाठवा."

सिस्टर हसल्या. "अहो डॉक्टर, साबणाला कोणी धुतं का?"

उत्तर आलं. तोच जंतू माझ्या पोटात! पातळ औषधात, तळाशी, मजेत जगत होता. सिस्टर मटकन खुर्चीत बसल्या. मला तर बसायलाही जागा नव्हती. ज्याला मारते म्हणून ताठ उभी होते, त्यालाच मी पोसलं होतं.

ट्रॉलीवर एकदाच वापरायच्या छोट्या बंद बाटल्या आल्या. शिंप्याचा ताप उतरला. पाय राहिला.

मी आता धुतलेली, उकळलेली, कोरडी. सिस्टरांच्या काचेच्या कपाटात. नव्या नर्स आल्या की सिस्टर त्यांना मला दाखवतात.

घरी जाताना शिंपी कपाटापुढे थांबला. हात जोडले. "हिनंच पाय वाचवला माझा."

सिस्टरांनी खाली बघितलं. मग म्हणाल्या, "नाही मास्तर. हिला काढलं, म्हणून वाचला."

त्याचे जोडलेले हात सुटले.

मला फोडा, नाहीतर इथेच ठेवा. पण पुन्हा वरून भरू नका.