नाव रंगवलेला ठोकळा

“भाऊजी, आधी बाहेर या,” सेनाम तिसऱ्यांदा म्हणाली.

“दोनच तारा राहिल्यात, वहिनी. तुम्ही तुमचे मासे बघा,” गाडीखालून एलोमचा आवाज आला.

समुद्रकाठच्या केटा गावात अंगणही वाळूचं आणि रस्ताही वाळूचाच. धुरी दिलेल्या माशांच्या टोपल्या भरल्या की सेनामच्या जुन्या गाडीचं पोट खाली घासे, म्हणून तिचा धाकटा दीर सायलेन्सर तारांनी वर बांधत होता. मागचं चाक काढून पंक्चरवाल्याकडे पाठवलं होतं. तिचा नवरा कोर्कू काढलेलं चाक गाडीखाली आडवं घातल्याशिवाय कधी आत शिरत नसे. पण एलोमला तेवढा धीर कुठला! सकाळी त्यानं वाळूवर पाणी मारलं, पाय आपटून ती घट्ट केली आणि त्यावर जॅक लावला. इथे सगळे असंच करतात. पण आता ऊन डोक्यावर आलं होतं आणि वाळू सुकत चालली होती.

सेनामनं वाकून पाहिलं. जॅक एका अंगानं चार बोटं खचला होता. गाडी एलोमच्या छातीकडे कलत होती.

“हलू नका,” ती हळूच म्हणाली. “श्वाससुद्धा बेतानं घ्या.”

एलोमनं तारेवरचा हात तसाच थांबवला.

दारापाशी कोर्कूच्या होडीच्या नाळेचा, म्हणजे पुढच्या टोकाचा, जाड ठोकळा होता. समुद्रानं कोर्कूला ठेवून घेतलं आणि एवढाच तुकडा परत केला. त्यावर कोर्कूनं स्वतःच्या हातानं तिचं नाव पांढऱ्या रंगात लिहिलं होतं. आठ वर्षांत तिनं त्यावर कुणाला बसूसुद्धा दिलं नव्हतं.

ती क्षणभर थबकली. त्या थबकण्याची तिला नंतर फार लाज वाटली.

मग तिनं तो ओढत आणला आणि पायानं रेटून गाडीच्या चौकटीखाली सरकवला. पाय मागे घेते न घेते तोच जॅक आडवा झाला. लाकूड कडाडलं. गाडी वीतभर खाली येऊन थांबली.

एलोम सरपटत बाहेर आला. ठोकळा तिच्या नावाच्या मधोमध चिरला होता.

“मी परत रंगवून देतो, वहिनी.”

“नको.” तिनं हाताची वाळू झटकली. “राहू दे तिथंच. चाक यायचंय अजून.”

दारापाशी ठोकळ्याच्या जागी खळगा उरला होता. सेनाम त्या खळग्याशेजारी बसली आणि चाकाची वाट पाहू लागली.