लपवलेले हात

“या सगळ्यांचे हात कुठे गेले?”

चित्रविभागाच्या बाईंनी चष्मा कपाळावर सरकवत विचारलं, तेव्हा छोटीला आधी प्रश्नच कळला नाही. मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रकार हवा, ही जाहिरात वाचून ती आली होती. तिच्या चित्रांची फाइल टेबलावर उघडी होती आणि बाई एकेका चित्रावर बोट ठेवत होत्या. पोस्टमनचे हात पिशवीत. आजोबांचे पाठीमागे. आईचे बाळाच्या दुपट्याखाली. किनाऱ्यावर खेळणाऱ्या मुलाचे तर कोपरापर्यंत वाळूत.

“हा पोहतोय. आणि नेमकी हातांवरच लाट आलीय,” बाई म्हणाल्या.

छोटीची कानशिलं तापली. चोरी पकडली गेली होती. हात तिला कधी जमलेच नव्हते. काढायला जावं तर केळ्यांचा घड व्हायचा. मग ते झाकायच्या युक्त्या ती शिकत गेली, आणि त्यात अशी तरबेज झाली की आपल्याला हात येत नाहीत हे स्वतःच विसरून गेली. नकार तिने पुष्कळ पचवले होते. ‘कळवतो’ म्हणणारे कधीच कळवत नाहीत, हेही पाठ झालं होतं. पण नेमकं काय चुकतंय ते आजवर कोणी सांगितलं नव्हतं.

“रंग छान आहेत. चेहरेही बोलके आहेत,” बाईंनी फाइल मिटली. “पण आमच्या पुस्तकांतली पोरं चिखल कालवतात, मांजराची शेपटी ओढतात. त्यांना हात लागतात हो. सोमवारी नुसते हात काढून आणा. मग बघू.”

घरी वहिनी भाजी निवडत होती. “काय म्हणाले?”

“हात मागितलेत.”

“अगं बाई! नोकरीला गेली होतीस की लग्न ठरवायला?”

तिशी उलटली तरी घरात ती छोटीच होती, आणि वहिनीची थट्टा तिला नवी नव्हती. त्याच वहिनीने आपल्या मावसभावाच्या फरशांच्या दुकानात तिच्यासाठी काउंटरवरची जागा धरून ठेवली होती. या महिन्यात चित्रांचं काही जमलं नाही तर निमूटपणे फरशा विकायला जायचं, असा शब्द छोटीने दिला होता. महिना संपत आला होता. “चित्रं काढायला रविवार आहे ना!” वहिनी म्हणायची. तिचं मन साफ होतं. पण छोटीला नुसता रविवार नको होता, तिला उरलेला सगळा आठवडा हवा होता.

शनिवारी ती कामाला लागली. स्वतःचा डावा हात काढला, तो लाकडी निघाला. वहिनीला समोर बसवलं, तर तिचे हात एका जागी ठरेनात. दादा बसला आणि दोन्ही हात उशीखाली घालून झोपून गेला. राहता राहिले बाबा.

बाबांचं केस कापायचं दुकान होतं. निम्म्या गावाची डोकी त्यांच्या हाताखालून गेली होती. मग हातांना कंप सुटला, आणि थरथरत्या वस्तऱ्यापुढे मान देणारा शूर कुठून आणायचा? दुकान बंद झालं. तेव्हापासून बाबा खिडकीशी खुर्चीत बसत, हात शालीखाली घालून, भर उन्हाळ्यातसुद्धा. कोणी आलं तर चहाला नाही म्हणत. “आत्ताच झाला,” हे त्यांचं ठरलेलं उत्तर. छोटी त्या शालीकडे बघत राहिली. हात लपवणारं माणूस या घरात आपण एकट्याच नाही, हे तिच्या आज लक्षात आलं आणि तिला फार वाईट वाटलं.

“बाबा, तुमचे हात काढू?”

“यांचं काय काढायचं? जरा गप्प तर बसू देत.”

“मला नोकरीसाठी हवेत.”

 बाबा उठले, साबण लावून हात धुऊन आले. “नखं काप आधी. समोरच्यापुढे असं गबाळं बसायचं नसतं.”

तिने नखं कापली. शाल बाजूला झाली. टेबलावर ठेवताच हात थरथरू लागले.

“दाबून धरू?” त्यांनी ओशाळून विचारलं.

“नको. असू द्या.”

ती आधी कंप थांबायची वाट बघत राहिली. तो थांबेना. शेवटी तिने खोडरबर लांब ठेवलं आणि पेन्सिल त्या हातांच्या मागे सोडून दिली. रेषेवर रेष पडत गेली. पाहते तर कागदावर केळी नव्हती, हात होता!

“नुसते ठेवलेले हात काय कामाचे?” बाबांनाही चेव आला. त्यांनी कपाटातून जुनी कात्री आणि कंगवा आणवला. समोर गिऱ्हाईक नव्हतं, तरी कंगव्यावरून कात्री कचकच चालू लागली. “मान खाली. हां, हलायचं नाही,” ते हवेला दटावत होते. छोटीला हसू फुटलं आणि डोळेही भरून आले, पण तिने पेन्सिल थांबवली नाही.

रविवारी संध्याकाळी बाबांनी चित्र खिडकीच्या उजेडात धरलं. “थरथर दिसतेय की यात.”

“पुसू का?”

त्यांनी पुन्हा निरखून पाहिलं. “नको. माझेच हात आहेत, ओळखू यायला हवेत.”

सोमवारी बाई एकेक कागद उलटत गेल्या.  कात्रीच्या चित्रापाशी बाई थांबल्या.

“हे कोण?”

“माझे वडील. त्यांचं केस कापायचं दुकान होतं.”

“हाताला कंप आहे त्यांच्या?”

“हो.”

बाईंनी ते चित्र बाजूला काढून ठेवलं आणि दुसरं पुढे ओढलं. “आणि या बाईंचा अंगठा उलट्या बाजूला का आहे?”

“ती वहिनी. एका जागी बसतच नव्हती.”

बाई मोठ्याने हसल्या. “अंगठे शिकून घ्या इथेच. तीन महिने काम करून बघू, पगार पहिल्यापासून मिळेल. पहिलं पुस्तक चिखलात खेळणाऱ्या पोरांचं आहे.”

छोटी जिना धावत उतरली, आणि रस्त्यावर आल्यावर सवयीने खिशांत गेलेले दोन्ही हात तिने उगाचच बाहेर काढले.

“म्हणजे फरशा गेल्या?” वहिनीने दारातच विचारलं.

“गेल्या. तुझ्या उलट्या अंगठ्यासकट घेतलं मला.”

“सुटले दुकानवाले! आता माझ्या अंगठ्याचं काय केलंस ते दाखव.”

आत बाबांकडे शेजारचे काका आले होते. शाल खुंटीवर होती. वहिनीने सवयीने दोन कप चहा आणला. बाबा घ्यायचे नाहीत हे माहीत असल्याने काकांनी आपलाच कप उचलला. बाबांनी हात पुढे केला आणि दुसरा कप घेतला. चहा हिंदकळला, थोडा बशीत सांडला.

“छोटीला नोकरी लागली,” ते म्हणाले, आणि सांडायचा तेवढा सांडू देऊन त्यांनी कप ओठांना लावला.