मापाच्या दिवशीची धार

मी एक क्रियापद बोलतंय. तुम्ही ज्याला धार काढणं म्हणता, तेच काम माझ्याकडे आहे. लॅटिन माझी आई. तिच्या घरी मी 'मुल्गेरे' होतं. ती गेली आणि माझी पांगापांग झाली. इटलीत मी 'मुंजेरे' झालं, पोर्तुगालात 'मुंजिर'. स्पेनमध्ये बहुतेकांनी मला वाऱ्यावर सोडून दुसरंच क्रियापद जवळ केलं. त्याचं मला अजून वाईट वाटतं. रोमानियाच्या डोंगराळ मारामुरेशमध्ये मात्र मी 'मुल्जे' म्हणून सुखानं नांदतंय.

इथे वसंतात मापाचा दिवस असतो. मग साऱ्या गावाच्या मेंढ्या एकाच कळपातून डोंगरावर जातात. त्याआधी प्रत्येक घरानं आपल्या मेंढ्यांची धार सगळ्यांसमोर काढायची. जेवढं दूध भरेल, तेवढा त्या घराला उन्हाळाभर बनणाऱ्या चीजचा वाटा. माप एकदाच होतं.

यंदा म्हाताऱ्या पालागाची बोटं पार वाकडी झाली होती. तिची लेक आनुत्सा इटलीतल्या गोठ्यात बरीच वर्षं राबून नुकतीच परतली होती. तिथे मी नुसतं पाटीवर असायचं, धार यंत्र काढायचं. पालागानं लेकीला बजावलं होतं, "माप नीट भरलं तर मेंढ्या ठेवू. नाहीतर विकते, आणि तू जा आपली परत."

आनुत्साला परत जायचं नव्हतं.

ती बादली घेऊन बसली. थोडेसे थेंब आले, बादलीचा तळसुद्धा भिजेना.

"बटण दाबायची सवय ना!" शेजारीण मारिका कुंपणावरून हसली. "मेंढीचं बटण कुठंय ते शोध आधी!"

पालागानं पुढे येऊन कास चाचपली. "काल कोकरं वेगळी कोंडली होतीस ना गं?"

आनुत्सानं मान खाली घातली. "फार ओरडत होती, आई. दया आली. सोडली आयांजवळ."

"अगं बाई! मग सगळं पिऊन बसली की ती!"

मेंढपाळांचा म्होरक्या ग्रिगोर बादलीतलं दूध मोजायची खुणांची काठी घेऊन उभाच होता. "पालागाकाकू, माप म्हणजे माप," तो हळूच म्हणाला.

पालागा लेकीच्या पाठीशी टेकली आणि आपली वाकडी बोटं तिच्या बोटांवर ठेवली.

"मुल्जे," ती लेकीच्या कानाशी म्हणाली. "ओढू नकोस. आधी कोकरासारखी ढुशी दे. हां, आता."

बऱ्याच वेळानं मेंढीनं उरलासुरला पान्हा सोडला. सगळ्या मेंढ्या झाल्या तेव्हा काठीची पहिली खूण कशीबशी भिजली.

"विकशील आता?" आनुत्सानं डोळे पुसत विचारलं.

पालागा गुडघ्यावर हात टेकून उठली. "पुढच्या वर्षी कोकरं मी कोंडीन," ती म्हणाली. "तुझं काळीज फार हळवं. धार मात्र तूच काढायची."

येत्या हिवाळ्यात त्या घरी मक्याच्या घाट्याबरोबर चीज पुरवून पुरवून खावं लागेल. पण मी तिथेच आहे, आईच्या बोटांतून लेकीच्या बोटांत आलेलं. यंत्रांवर माझा राग नाही, ती खुशाल चालोत. मला कुणाचे तरी हात तेवढे राहू देत.